कुडव्यात १५ हजार की नागपुरात २१ हजार? पगार नाही, शिल्लक मोजा



मागच्या महिन्यात बॅच संपल्यावर कुडव्याचे एक दुकानदार भाऊ थांबले. इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. म्हणाले, "सर, काउंटरवरचा पोरगा चालला नागपूरले. एकवीस हजार देऊन राह्यले म्हणते. मी पंधरा देतो. एवढे कुठून देऊ?"

चार वर्षं शिकवलेला पोरगा. कुठली वायर कुठल्या खोक्यात आहे, कुठल्या मिस्त्रीची उधारी किती, सगळं तोंडपाठ. असा माणूस गेला की दुकानाचा अर्धा मेंदूच जातो. म्हणून हा प्रश्न नीट सोडवायचा. व्हिडिओत मी फळ्यावर मांडला होता, इथे सावकाश लिहितो. कागद-पेन घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढून टाकू

"नागपूर महाग, गोंदिया स्वस्त" हे आपण सहज बोलून जातो. पण किती महाग? आणि काय महाग? कोणी म्हणतं, पेपरात महागाईचा निर्देशांक येतो, तो बघू. तिथेच फसगत होते. औद्योगिक कामगारांचा जो ग्राहक किंमत निर्देशांक आहे, त्यात २०१६ चं वर्ष १०० धरलंय, आणि हे १०० प्रत्येक केंद्राचं आपापलं असतं. म्हणजे तो शहराची तुलना त्याच शहराच्या जुन्या भावांशी करतो, शेजारच्या शहराशी नाही. समजा एका शहराचा आकडा १४० आहे आणि दुसऱ्याचा १४५. याचा अर्थ दुसरं शहर जास्त महाग असा होत नाही. तिथे भाव जास्त वेगानं वाढले, एवढंच त्यातून कळतं.

दोन शहरांची तुलना हवी असेल तर सरकारी घरभाडे भत्ता बघा. केंद्र सरकारनं लोकसंख्येवरून शहरांचे तीन वर्ग केलेत. ५० लाखांच्या वर एक्स, ५ ते ५० लाख वाय, त्याखाली झेड. नागपूर, रायपूर, दुर्ग-भिलाई, जबलपूर हे सगळे वाय. गोंदिया, भंडारा, बालाघाट झेड. सातव्या वेतन आयोगाच्या नियमानं जानेवारी २०२४ पासून वायला मूळ पगाराच्या २० टक्के आणि झेडला १० टक्के भत्ता मिळतो. १८ हजार मूळ पगारावर नागपुरात ३,६०० आणि गोंदियात १,८००. म्हणजे सरकारच्या हिशेबात घराचा खर्च दुप्पट.

पण हा झाला फक्त घराचा खर्च. बाकीच्याचं काय?

खर्चाचे चार डबे

घरातला प्रत्येक खर्च या चारपैकी एका डब्यात टाका.

पहिला डबा, देशभर सारखं. मोबाईलचा रिचार्ज, एमआरपी छापलेला साबण, बिस्किटाचा पुडा, रेल्वेचं तिकीट. कुडवा असो की नागपूर, भाव तोच. यावर डोकं शिणवू नका.

दुसरा डबा, राज्याप्रमाणे बदलणारं. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्याचा आपला व्हॅट आहे. म्हणून बालाघाटकडे किंवा राजनांदगावकडे सीमा ओलांडली की पंपावरचा आकडा बदलतो. विजेचंही तसंच. पण महावितरणचा घरगुती दर गोंदियाला आणि नागपूरला एकच आहे. म्हणजे नागपूरला जाणाऱ्यानं वीज महाग म्हणून घाबरायचं कारण नाही. बालाघाट किंवा रायपूरला जाणाऱ्यानं मात्र चौकशी करायची.

तिसरा डबा, शहराप्रमाणे बदलणारं. घरभाडं, ऑटो, शाळेची फी, डॉक्टरची फी, दूध, भाजी. खरा फरक इथून सुरू होतो.

चौथा डबा, घराप्रमाणे बदलणारं. स्वतःचं घर आहे का? वर्षाचा तांदूळ घरच्या धानातून येतो का? लेकरू सांभाळायला आजी आहे का? हा डबा कुठल्याच सरकारी तक्त्यात सापडत नाही. आपल्या भागात मात्र सगळ्यात जड डबा हाच.

आता त्या पोराचा कागद

मी भाऊंना सांगितलं, पोराला समोर बसवा आणि त्याच्याच तोंडून आकडे घ्या. बायको आणि एक लहान मूल. राहायला वडिलांचं घर, तांदूळ घरचा. नागपूरचे आकडे त्यानं तिथल्या मित्राला विचारून आणले. हे त्याचे आकडे आहेत, तुमचे वेगळे निघतील.

कुडव्यात महिन्याला:
- घरभाडं: ०
- किराणा, दूध, भाजी: ४,५००
- वीज आणि गॅस: १,६००
- जाणं-येणं: ८००
- मोबाईल, औषध, मुलाचा खर्च: १,९००
- एकूण ८,८००. पगार १५,०००. शिल्लक ६,२००.

नागपुरात महिन्याला:
- दोन खोल्यांचं भाडं: ५,०००
- किराणा, दूध, भाजी, विकतचा तांदूळ: ६,०००
- वीज, गॅस, पाणी: १,८००
- जाणं-येणं: १,७००
- मोबाईल, औषध, मुलाचा खर्च: २,४००
- गावी येणं-जाणं: ६००
- एकूण १७,५००. पगार २१,०००. शिल्लक ३,५००.

पगार ६ हजारांनी वाढला, खर्च ८,७०० नी. म्हणजे दर महिन्याला २,७०० चा घाटा. कुडव्याइतकी शिल्लक नागपुरात पाडायची असेल तर त्याला २३,७०० पगार लागतो. खोलीचं डिपॉझिट आणि सामान हलवायचा खर्च वेगळाच.

भाऊ खूश झाले. "म्हणजे पोरगा जात नाही!"

मी म्हटलं, थांबा. अजून अर्धा कागद बाकी आहे.

मालकांनो, हा भाग दोनदा वाचा

समजा याच पोराचं स्वतःचं घर नसतं. कुडव्यातच २,५०० भाडं आणि १,००० चा तांदूळ. मग इथला खर्च होतो १२,३०० आणि शिल्लक २,७००. नागपूरची शिल्लक तीच, ३,५००. आता नागपूर ८०० नी पुढे!

दुकान तेच, काम तेच, पगारही तोच. तरी उत्तर उलटं झालं. मग पंधरा हजारांत पोराचं भागत होतं ते कशामुळे? कुडवा स्वस्त आहे म्हणून नाही. त्याच्या बापानं घर बांधून ठेवलंय आणि शेतात धान पिकतंय म्हणून. तुमच्या दुकानाचा पगार कमी राहतो, कारण त्यातला साडेतीन हजारांचा वाटा पोराचा बाप देतो. हे मान्य करायला जड जातं, पण हिशेब हेच सांगतो.

म्हणून "आपल्याकडे स्वस्ताई आहे" हे पगार दाबून ठेवायचं कारण होऊ देऊ नका. किमान वेतनाच्या खाली जायचं नाही हे तर झालंच. त्यातला महागाईचा भाग वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा आपला पगाराचा तक्ताही तेव्हाच तपासा.

आणि आणखी एक गोष्ट या कागदावर बसत नाही. नागपुरात शिकायला जास्त मिळतं. आज शिल्लक कमी असली तरी दोन वर्षांनी तिथे पगार किती होईल? तुमच्या दुकानात किती होईल? पोरगा हा प्रश्न मनात विचारतोच आहे. उत्तर तुम्ही द्यायचं.

भाऊंनी काय केलं

२१ हजार त्यांना परवडत नव्हते, आणि तेवढे द्यायची गरजही नव्हती. त्यांनी १,५०० वाढवले. होलसेलची खरेदी पोराच्या हाती दिली आणि तिथे जी बचत होईल त्यात त्याचा हिस्सा ठरवला. पुढची वाढ केव्हा आणि कशावर, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पोरगा सध्या दुकानात आहे. वर्षभरानं तोच कागद पुन्हा काढायचा, आणि तेव्हा नागपूर पुढे निघालं तर हसत जाऊ द्यायचं, असंही ठरलं.

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या प्रत्येक माणसाचे चार डबे त्याच्यासोबत बसून भरा. अंदाजानं भरू नका.
२. बाहेरच्या ऑफरचा पगार बाजूला ठेवा, शिल्लक काढा.
३. त्याला घर आणि धान नसतं तर, असं धरून तोच हिशेब पुन्हा करा. तुमचा पगार खरा किती आहे ते तेव्हा कळेल.

स्वतः दुकान घेऊन नागपूर किंवा रायपूरला जायचा विचार असेल तरी कागद हाच. फक्त पगाराच्या जागी नफा लिहा, आणि दुकानाचं भाडं विसरू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर गल्ला आणि हिशेब दोन्ही सांभाळा!