दस्ता: आधी माप, मग लाकूड

रायफलीची नळी आणि तिची यंत्रणा ज्या भागात बसवलेली असते, आणि जो भाग नेमबाजाच्या खांद्याला, गालाला व दोन्ही हातांना लागतो, त्याला मराठीत दस्ता म्हणतात. नेमबाजांच्या रोजच्या बोलण्यात या संपूर्ण भागाला ‘स्टॉक’ आणि त्याच्या खांद्याकडील टोकाला ‘बट’ असे शब्द रूढ आहेत. छऱ्याला वेग आणि दिशा नळी देते हे खरे असले, तरी नळी प्रत्येक वेळी त्याच जागी व त्याच कोनात धरली जाणे दस्त्यावर अवलंबून असते, आणि म्हणूनच साधी नळी व अंगाला बसणारा दस्ता असलेली रायफल, उत्तम नळी व अंगाला न बसणारा दस्ता असलेल्या रायफलीपेक्षा शिकाऊ नेमबाजाच्या हाती अधिक उपयोगी ठरते. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी मोजक्या पैशांत एअर रायफल घेतो आणि तिचा दस्ता बदलावा का, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, तेव्हा दस्ता किती देखणा आहे यापेक्षा तो कोणाच्या मापाचा आहे याचा विचार आधी व्हायला हवा.

या विवेचनाची कायदेशीर मर्यादा प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटर व्यासाच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. बारूदावर चालणारी प्रत्येक बंदूक मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. या कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदुकांची निर्मिती, दुरुस्ती किंवा फेरफार यांसाठी वेगळा परवाना असावा लागतो. रोही आणि रानडुक्कर यांच्यापासून पिके राखण्यासाठी वऱ्हाडातील एखाद्या शेतकऱ्याकडे परवान्याची जुनी भरमार बंदूक, म्हणजे तोंडाकडून बारूद भरण्याची बंदूक असेल आणि तिचा दस्ता तडकला असेल, तर ती गावातील सुताराकडे न देता परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. दस्त्यावरील कामाची पुढील सर्व माहिती खेळातील एअर रायफलीपुरती आहे, आणि अशा रायफलीवरही काम करण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री करणे अनिवार्य आहे.

वऱ्हाडातील अनेक तरुणांच्या हाती पहिली रायफल येते ती राष्ट्रीय छात्रसेनेत. अमरावती येथे छात्रसेनेचे गट मुख्यालय असून छात्रांना शिकवली जाणारी पॉइंट टू टू डिलक्स रायफल ४३ इंच लांब आणि ६ पौंड २ औंस, म्हणजे सुमारे २.८ किलो वजनाची असते. तिचा दस्ता सर्वांसाठी एकाच मापाचा असल्यामुळे सहा फूट उंचीच्या छात्राला तो आखूड पडतो, तर पाच फूट उंचीच्या छात्रेला तो इतका लांब होतो की ट्रिगरपर्यंत बोट पोहोचवण्यासाठी तिला खांदा पुढे ओढावा लागतो. प्रशिक्षणासाठी हे चालून जाते, कारण तेथे शस्त्राची ओळख आणि शिस्त महत्त्वाची असते. पण स्पर्धेत उतरणाऱ्याला हीच तडजोड महागात पडते. कारण शरीर ओढूनताणून धरलेली स्थिती पहिल्या दहा नेमांत टिकते, पन्नासाव्या नेमापर्यंत टिकत नाही.

दस्त्याची दोन मापे मूलभूत आहेत. पहिले माप लांबीचे, म्हणजे ट्रिगरपासून बटाच्या टोकापर्यंतचे अंतर. कोपर काटकोनात वाकवून बटाचे टोक कोपराच्या आतल्या वळणात टेकवले असता तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज यावे, असा जुना ठोकताळा आहे. तो अंतिम निकष नसला तरी प्रौढ माणसासाठी सामान्यतः ३३ ते ३६ सेंटीमीटरच्या आसपास येणारे हे माप एखाद्याला किती कमी-जास्त हवे, याचा अंदाज त्यावरून येतो. दुसरे माप गालाच्या टेकूच्या उंचीचे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल सैलपणे टेकवावा आणि मग डोळे उघडावेत; मागची खाच व पुढची माशी आपोआप एका रेषेत दिसली तर टेकू योग्य, आणि मान उचलावी किंवा दाबावी लागली तर टेकू चुकीचा.

या दुसऱ्या मापाचे महत्त्व साध्या त्रैराशिकाने ध्यानात येते. खाच आणि माशी यांच्यात ६० सेंटीमीटर अंतर असेल आणि गाल नीट न टेकल्यामुळे माशी खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवरील लक्ष्यावर छरा सुमारे १७ मिलिमीटर बाजूला लागतो. एअर रायफलीच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर बाहेर असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने जवळपास सात वर्तुळे हातची जातात. एवढी चूक रोखणारा भाग म्हणजे गालाखालचा लाकडाचा किंवा रबराचा लहानसा तुकडा, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

उच्च पातळीवरील रायफलींत हेच तत्त्व यंत्ररूपाने दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात नेमबाज गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून असे तिन्ही प्रकारे नेम घेतो. प्रत्येक स्थितीत खांदा, मान आणि हात यांचे परस्परांतील अंतर बदलते, म्हणून स्थिती बदलताना बट आणि गालाचा टेकू स्क्रूंच्या साह्याने नव्या खुणेवर सरकवले जातात. अ‍ॅल्युमिनियमच्या अशा दस्त्यांच्या परदेशी रायफलींची किंमत लाखांत जाते. मात्र त्यांचे महत्त्व धातूत नाही. प्रत्येक भाग माणसानुसार हलवता येतो, यात आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि त्यांच्याच नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट आहे. त्या वाटेवर पाऊल ठेवणाऱ्या नवख्या नेमबाजाला लाखांचा दस्ता नको असतो, पण स्वतःच्या मापाचा दस्ता हवाच असतो.

माप ठरल्यावर लाकडाचा विचार येतो. जगभर दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड नावाजले गेले, कारण ते मध्यम वजनाचे, चिवट आणि कोरीव कामाला अनुकूल असते. वऱ्हाडात सहज मिळणारे उत्तम लाकूड मेळघाटचे सागवान. परतवाडा ही त्याची जुनी बाजारपेठ. सागवान ऋतुमानानुसार फार कमी आक्रसते वा फुगते, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्यातील नैसर्गिक तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी तो भाग थिनरने पुसून घ्यावा लागतो. शिवाय लाकडातील वाळूसारख्या कणांमुळे पटाशीची धार लवकर बोथट होते. बाभूळ आणि धावडा ही लाकडे वखर, डवरा व कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी वऱ्हाडी सुताराने पिढ्यान्‌पिढ्या वापरली असली, तरी दस्त्यासाठी ती जड पडतात आणि नीट वाळवली नाहीत तर पीळ घेतात.

लाकूड कोणतेही असो, त्यातील तंतूंची दिशा निर्णायक ठरते. ट्रिगरच्या मागे मुठीत धरायचा भाग हा दस्त्यातील सर्वांत बारीक भाग असल्यामुळे तेथे तंतू मुठीच्या लांबीला समांतर गेले पाहिजेत. ते तिरके कापले गेले तर रायफल एकदा हातातून पडली तरी दस्ता नेमका तेथेच दुभंगतो. पैसे वाचवायचे असतील तर सबंध लाकडाऐवजी चांगल्या प्रतीच्या प्लायचे १८ मिलिमीटरचे तीन थर चिकटवून ५४ मिलिमीटर जाडीचा ठोकळा करता येतो. प्लायमधील आडवे-उभे थर एकमेकांची हालचाल रोखत असल्याने तो वाकत नाही, मात्र त्यातील निम्मे तंतू आडवे असल्यामुळे मुठीचा भाग थोडा जाड ठेवावा लागतो.

वऱ्हाडच्या हवामानात या सगळ्याला आणखी एक परिमाण मिळते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडीठाक होते, तर जुलैत तीच हवा ओलाव्याने जड होते. या दोन टोकांत लाकूड आक्रसते व फुगते, आणि दस्त्यातील खाचेत बसलेली यंत्रणा किंचित हलते. उन्हाळ्यात अचूक असलेला नेम पावसाळ्यात सरकतो तो यामुळे. स्प्रिंगवर चालणाऱ्या स्वस्त एअर रायफलींत ही अडचण दुणावते, कारण त्यांचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, आणि दस्त्याला यंत्रणा धरून ठेवणारे स्क्रू त्यामुळे सैल होत जातात. स्क्रू पुन्हा आवळताना त्यांची डोकी मऊ लाकडात रुततात आणि काही महिन्यांनी कितीही आवळले तरी पकड येत नाही.

यावरचा उपाय दस्ता बदलण्याइतका खर्चिक नाही. स्क्रूचे छिद्र थोडे मोठे करून त्यात पितळी नळीचा छोटा तुकडा अरल्डाइटने बसवला, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो. यंत्रणा टेकते ती खाच झिजली असेल, तर यंत्रणेला मेणाचा पातळ हात देऊन खाचेत अरल्डाइटचा थर भरावा आणि यंत्रणा त्यावर अलगद बसवून चोवीस तास तशीच ठेवावी. मेणामुळे धातूला न चिकटता अरल्डाइट यंत्रणेचा नेमका आकार घेऊन घट्ट होते. बट आखूड असेल तर रबरी पट्टीचे थर, लांब असेल तर करवतीने काढलेला एक-दोन सेंटीमीटरचा काप, आणि गालाखाली मापाप्रमाणे तासून बसवलेला लाकडाचा टेकू, एवढ्या बदलांनी जुना दस्ता मालकाच्या मापाचा होतो.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. जवस हे विदर्भातले जुने रब्बी पीक, आणि त्याच्या बियांचे तेल हे जगभरातील रायफलींच्या दस्त्यांवर शतकानुशतके वापरले गेलेले आवरण आहे. ते हवेतील प्राणवायू घेऊन लाकडाच्या आत घट्ट होते. पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेल्या दस्त्यावर तेलाचे चार-पाच थेंब टाकून तळहाताने लाकूड कोमट होईपर्यंत चोळावे, उरलेले तेल पुसून काढावे आणि तेल पूर्ण वाळल्यावरच पुढचा हात द्यावा. घाईने जाड हात दिल्यास पृष्ठभाग चिकट राहतो. या कामातील एक धोका मात्र जिवावर बेतू शकतो: तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेट घेऊ शकतात, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर ही शक्यता अधिकच; म्हणून फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवावीत.

खर्चाचा क्रम या सर्व विवेचनातून आपोआप ठरतो. प्रथम मोजमाप, ज्याला पैसा लागत नाही. नंतर यंत्रणेची घट्ट बैठक. मग बट आणि गालाचा टेकू. आणि एवढे करूनही दस्ता अंगाला बसत नसेल तरच नवे लाकूड. या क्रमात मागे पडलेल्या गोष्टीवर आधी पैसे घालणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक होय. कुऱ्हाडीचा दांडा बसवताना वऱ्हाडी सुतार गिऱ्हाइकाला तो हातात धरायला लावतो, त्याची मूठ पाहतो आणि मगच शेवटचा रंधा मारतो. रायफलीच्या दस्त्याचे शास्त्र कितीही विस्तारले तरी त्याचा गाभा या कृतीत आधीपासूनच आहे.