मागणे वेगळे, सांगणे वेगळे

घोरावाडी स्टेशनावर लोणावळ्याची लोकल पकडली, की तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली अशी स्टेशने मागे टाकीत गाडी तासाभराच्या आत लोणावळ्यास पोहोचते. तेथून खंडाळ्याच्या घाटाकडे गेलात, तर रस्त्याच्या कठड्यावर बसलेली लाल तोंडाची माकडे तुम्हाला हमखास दिसतील. मोटार थांबली, की त्यांतले एखादे पुढे येते, आपल्या तोंडाकडे पाहते आणि चक्क हात पुढे करते. 'बघा, कसे मागते आहे!' असे म्हणून कोणीतरी त्याच्या हातावर चिक्की किंवा शेंगदाणे ठेवते.

आता एक प्रश्न विचारू. ते माकड आपल्याशी बोलले का? 'मागते' हा शब्द आपण सहज वापरला. पण हात पुढे केला की खाऊ मिळतो एवढीच त्याला सवय झाली आहे, की समोरच्या माणसाला काही कळवावे असा त्याचा हेतू आहे? प्रश्न साधा दिसतो; परंतु याच प्रश्नाच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे खर्ची घातली आहेत.

माकड, वानर आणि कपी

प्रथम नावे नीट समजून घेऊ. लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, हे आपण ओळखतो. या दोहोंना शेपटी असते. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांना मात्र शेपटी नसते. त्यांना 'कपी' म्हणतात. भारतात कपींपैकी फक्त गिबन आढळतो, आणि तोही ईशान्येकडील जंगलांत. महाराष्ट्राच्या रानात एकही कपी नाही. चिंपांझी आणि बोनोबो हे आपले सर्वांत जवळचे नातेवाईक. म्हणून प्राण्याला भाषा शिकवण्याचे बहुतेक प्रयोग त्यांच्यावर झाले.

गळा आडवा येतो की मेंदू?

१९३१ मध्ये अमेरिकेत विन्थ्रॉप केलॉग आणि त्यांच्या पत्नी लुएला यांनी 'गुआ' नावाचे चिंपांझीचे पिलू आपल्या तान्ह्या मुलाबरोबर, डोनाल्डबरोबर, घरात वाढवले. गुआ पुष्कळ गोष्टी शिकली, पण एक शब्दही बोलली नाही. नऊ महिन्यांनी प्रयोग थांबला. पुढे १९४० नंतरच्या दशकात कीथ आणि कॅथरीन हेज या दांपत्याने 'विकी' नावाच्या चिंपांझीवर अपार कष्ट घेतले. ओठ हाताने मिटवून, उघडून तिला उच्चार शिकवले. फळ काय, तर 'मामा', 'पापा', 'कप' असे तीन-चार शब्द, आणि तेही घोगऱ्या पुटपुटण्यासारखे.

कपींचा गळाच बोलण्याजोगा नाही, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. हे पूर्ण खरे नव्हे. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी माकडाच्या तोंडाच्या आणि गळ्याच्या हालचालींची क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतली, आणि त्या पोकळीतून कोणते ध्वनी निघू शकतील याचे गणित मांडले. स्वरांमधला फरक ऐकू यावा इतपत वेगवेगळे ध्वनी निघू शकतात, असे उत्तर आले. म्हणजे बासरी आहे, पण तिच्या भोकांवर हवी तशी बोटे फिरवणारा वादक नाही. अडचण मुख्यतः मेंदूच्या नियंत्रणात आहे.

हाताला बोलू द्या

गळा वश होत नसेल, तर हात वापरावेत! ही कल्पना ॲलन आणि बिआट्रिक्स गार्डनर या शास्त्रज्ञ पतिपत्नींची. नेवाडा राज्यातील रीनो येथे १९६६ मध्ये त्यांनी 'वॉशो' नावाच्या चिंपांझीच्या पिलाला मूकबधिरांची अमेरिकी खुणांची भाषा शिकवण्यास आरंभ केला. तिच्यासमोर सर्वांनी खुणांनीच बोलायचे असा नियम होता. सुमारे चार वर्षांत वॉशो १३० च्या आसपास खुणा करू लागली. पाण्यातला हंस पाहून तिने 'पाणी' आणि 'पक्षी' या खुणा लागोपाठ केल्या, तेव्हा जगभर खळबळ उडाली. चिंपांझीने नवा शब्द बनवला!

खरेच बनवला का? तुम्हीच विचार करा. समोर पाणी होते आणि पक्षीही होता. तिने दोन वस्तूंची दोन नावे सांगितली असतील, किंवा दोन शब्दांचा समास केला असेल. एका प्रसंगावरून यांतले खरे कोणते, ते ठरवता येत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण एकच वाचन घेऊन थांबतो का? लंबकाचा आवर्तकाल काढताना वीस-वीस आंदोलने मोजतो, तीही पुन्हा पुन्हा. येथेही तोच नियम लागू पडतो.

एका घोड्याने शिकवलेला धडा

अशा प्रयोगांत आणखी एक सापळा असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या शिक्षकांचा 'हान्स' हा घोडा फार गाजला होता. बेरीज विचारली, की तो टाप आपटून अचूक उत्तर देई. ऑस्टेन लबाड नव्हते. त्यांचा स्वतःचाही घोड्यावर विश्वास होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दोन साध्या युक्त्या योजल्या. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल असे प्रश्न त्यांनी हान्सला विचारायला लावले, आणि काही वेळा विचारणारा माणूस घोड्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळा हान्सचे गणित कोलमडले. उत्तराचा आकडा जवळ आला, की विचारणाऱ्याच्या मानेची नकळत अगदी सूक्ष्म हालचाल होई आणि ती पाहून घोडा थांबे. हान्स हुशार होताच, पण त्याची हुशारी गणितात नसून माणूस वाचण्यात होती.

तेव्हापासून नियम झाला: परीक्षा घेणाऱ्याकडून उत्तर फुटणार नाही, याची खबरदारी घेतल्याशिवाय प्राण्याच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढू नये.

निमची सोळा शब्दांची माळ

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हर्बर्ट टेरेस यांनी 'निम' नावाचा चिंपांझी घेऊन हा प्रयोग नव्याने सुरू केला. कपीला वाक्य रचता येते हे सिद्ध होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. निम सुमारे १२५ खुणा शिकला. त्याच्या खुणांची सर्वांत लांब माळ सोळा खुणांची होती. तिचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'दे', 'संत्रे', 'मी', 'खाणे', 'तू' एवढ्याच खुणा पुन्हा पुन्हा फिरून येत होत्या. माळ लांबली, पण अर्थ वाढला नाही.

मग टेरेस यांनी चित्रफिती सावकाश फिरवून पाहिल्या. निमने खूण करण्याच्या जरा आधी शिक्षकाने पुष्कळदा तीच किंवा तिच्यासारखी खूण केलेली दिसली. १९७९ मध्ये त्यांनी आपल्याच अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष जाहीर केला: निम खुणा वापरतो, पण वाक्ये रचत नाही. विज्ञानात अशा धैर्याचे मोल मोठे आहे.

वाक्य म्हणजे काय, हे मराठीतून चटकन ध्यानात येईल. 'रामने शामला ढकलले' आणि 'शामने रामला ढकलले' यांत शब्द तेच आहेत. 'ने' आणि 'ला' यांची जागा बदलली, की अर्थ पार उलटा होतो. शब्दांच्या ढिगाला वाक्य करणारे हे जे नियम, तेच व्याकरण. निमच्या माळेत ते आढळले नाही.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. वर्ष-दीड वर्षाचे मूल आकाशाकडे बोट दाखवून 'चांदोबा!' म्हणते. त्याला चंद्र हवा असतोच असे नाही. आपण जे पाहिले ते आईनेही पाहावे, एवढीच त्याची इच्छा असते. हे झाले 'सांगणे'. निमच्या आणि त्याच्यासारख्या इतर कपींच्या बहुतेक खुणा 'दे', 'हवे', 'गुदगुल्या कर' अशा होत्या. ते झाले 'मागणे'.

कांझी ऐकून शिकला

पण गोष्ट येथे संपत नाही. अमेरिकेत अटलांटा येथे स्यू सॅव्हेज-रंबॉ या मटाटा नावाच्या बोनोबो मादीला चिन्हांचा फलक शिकवीत होत्या. फलकावरील प्रत्येक आकृती एका शब्दासाठी होती. मटाटा फारसे शिकली नाही. तिने सांभाळलेले पिलू कांझी मात्र बाजूला खेळत असे. एकदा मटाटाला दुसरीकडे नेले, आणि कोणी न शिकवता कांझी फलक वापरू लागला! शिवाय बोललेले इंग्रजीही त्याला समजत होते.

त्याची परीक्षा हान्सचा धडा ध्यानात ठेवून घेतली गेली. अनेक चाचण्यांत सूचना देणारी व्यक्ती एका बाजूने दिसणाऱ्या काचेआड असे. त्याच सूचना दोन वर्षांच्या आलिया नावाच्या मुलीलाही दिल्या. 'मायक्रोवेव्हमधले गाजर आण' अशा प्रकारची ती ६६० वाक्ये होती. कांझीने ७२ टक्के आणि आलियाने ६६ टक्के सूचना बरोबर पाळल्या. हे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे काय झाले? आलिया मोठी होऊन इतर मुलांप्रमाणे भाषा बोलू लागली. कांझीची समज दांडगी असली, तरी त्याचे स्वतःचे 'बोलणे' बहुधा एक-दोन चिन्हांचे आणि बहुतांशी मागण्यांचेच राहिले. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो वारला.

बंदीपूरची माकडे

आता आपल्या घाटातल्या माकडाकडे वळू. डोक्यावर टोपीसारखा केसांचा भोवरा असलेले हे माकड दक्षिण भारताखेरीज जगात अन्यत्र रानात सापडत नाही. म्हणजे त्याचा अभ्यास करण्याची सर्वांत चांगली सोय आपल्यालाच आहे. कर्नाटकातील बंदीपूर राष्ट्रीय उद्यानात याच जातीची माकडे पर्यटकांपुढे हात पसरतात. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा या भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

त्यांनी 'माकड बोलते का?' असा मोघम प्रश्न विचारला नाही. हेतुपुरस्सर कळवणे म्हणजे काय, याच्या कसोट्या आधी ठरवल्या. माकड माणसाकडे अंग वळवते का? त्याच्या तोंडाकडे पाहते का? उत्तर मिळाले नाही, तर प्रयत्न चालू ठेवते का? मग परिस्थिती मुद्दाम बदलून वागणूक कशी बदलते, याची नोंद केली. हात पुढे करणे आणि त्याबरोबर 'कू' असा आवाज काढणे, ही मागणी या कसोट्यांना उतरली. हा 'कू' आवाज एरवी माकडे आपापसांत काढतात. येथे तो माणसाला उद्देशून, नव्या कामासाठी वापरला गेला. कोणी शिक्षक नाही, पिंजरा नाही, चिन्हांचा फलक नाही. माणूस नावाच्या प्राण्याशी व्यवहार कसा करावा, हे माकडांनी आपले आपण शोधून काढले.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे: आपल्या घाटातल्या प्रत्येक माकडाबद्दल परीक्षा न घेता काही म्हणता येणार नाही, पण याच जातीचे माकड हेतूपूर्वक मागू शकते, हे दिसून आले आहे. मात्र मागणे म्हणजे भाषा नव्हे. आणि हेही ध्यानात घ्या, की आपण खाऊ देतो तेव्हा आपणही शिक्षक असतो. रस्त्यावर यावे, मोटारीपाशी थांबावे, हाताने मिळाले नाही तर पिशवी ओढावी, हा धडा आपणच देतो. मग माणसांना चावे बसतात आणि माकडे चाकाखाली सापडतात. घाटात खाऊ न देणे हीच त्यांच्यावरची खरी माया.

कपींशी वागतानाही माणूस नेहमी चांगला वागला असे नाही. निमचा प्रयोग संपल्यावर त्याला परत पाठवण्यात आले आणि पुढे १९८२ मध्ये तो औषधांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेला विकला गेला. लोकांनी ओरड केली तेव्हा त्याची सुटका झाली. ज्याला आपण 'दे' म्हणायला शिकवले, त्याने 'सोडा' म्हटले तर ऐकायचे कोणी?

करून पहा

शेवटी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. चार सारख्या वाट्या पालथ्या ठेवा. एका मित्राला बाहेर पाठवून एकीखाली नाणे लपवा. त्याने आत येऊन, प्रत्येक वाटीवर सावकाश हात फिरवून, नाणे कोठे आहे ते ओळखायचे. पहिल्या वीस खेपांत नाण्याची जागा सर्व वर्गाला माहीत असू द्या, पण कोणी बोलायचे नाही. पुढच्या वीस खेपांत नाणे लपवणाऱ्याने लगेच वर्गाबाहेर जायचे आणि इतर कोणालाही जागा माहीत नसावी. नुसत्या अंदाजाने वीसपैकी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पहिला आकडा बराच मोठा आला, तर तुमच्याच वर्गात एक हान्स आहे असे समजा!

आकडेमोड करताना एवढे ध्यानात ठेवा. चार पर्यायांच्या प्रश्नात दहापैकी दोन-तीन उत्तरे नशिबानेही बरोबर येतात. पण सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता हजारात साडेतीनच्या आसपास आहे. नशीब कोठे संपते आणि समज कोठे सुरू होते, ते असेच मोजून ठरवायचे.

याच मापाने शास्त्रज्ञांनी माणसांचीही परीक्षा घेतली आहे. चिंपांझी आणि बोनोबो रानात आपापसांत करतात त्या दहा खुणांच्या चित्रफिती हजारो लोकांना दाखवून, प्रत्येकीचा अर्थ चार पर्यायांतून निवडायला सांगितले. नुसत्या अंदाजाने २५ टक्के उत्तरे बरोबर यायला हवी होती. ती ५० टक्क्यांहून अधिक आली. हा निष्कर्ष २०२३ सालचा. कपींना आपली भाषा शिकवण्याची खटपट आपण इतकी वर्षे केली, आणि त्यांच्या खुणा मात्र आपल्याला न शिकताच निम्म्याअधिक कळतात!