सरासरीची सरासरी : शालेय उदाहरणांतील छेदाचा विचार

पदांची बेरीज करून तीस पदांच्या संख्येने भागावे, हा सरासरीचा नियम विद्यार्थ्यास शालेय गणितात लवकरच शिकविला जातो. नियम इतका सुलभ आहे की त्याची मर्यादा सहसा सांगितली जात नाही. परंतु जी पदे घ्यावयाची ती स्वतःच सरासऱ्या असली, म्हणजे हाच नियम विद्यार्थ्यास चुकीच्या उत्तराकडे नेतो. ह्या चुकीचे मूळ व तिचे निवारण ह्यांचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

अ तुकडीतील ४० विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी ५० व ब तुकडीतील २० विद्यार्थ्यांची ६५ आहे. तर संपूर्ण इयत्तेची सरासरी किती? गृहपाठाच्या वहीत पुष्कळदा ५७.५ हे उत्तर आढळते. वास्तविक एकूण गुण २००० + १३००, म्हणजे ३३००, व विद्यार्थी ६०. सबब सरासरी ५५ होय.

हा भेद जुन्या गणितींस पूर्णपणे अवगत होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (शके १०७२, इ. स. ११५०) सुवर्णगणितात १३, १२, ११ व १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ व ४ माष घेऊन एकत्र आटविले असता मिश्रणाचा वर्ण, म्हणजे कस, विचारला आहे. प्रत्येक वर्णास त्याच्या वजनाने गुणून येणाऱ्या गुणाकारांची बेरीज २४० होते. तीस एकूण वजनाने, म्हणजे २० ने, भागले असता वर्ण १२ येतो. नुसत्या वर्णांची सरासरी मात्र ११.५ भरते. उलट, त्याच ग्रंथातील खातव्यवहारात खड्ड्याची लांबी तीन स्थानी १०, ११ व १२ हात असता साधी बेरीज करून स्थानांच्या संख्येने भागावयास सांगितले आहे. कारण तेथे प्रत्येक स्थानाचे महत्त्व सारखेच मानले आहे.

मग भार कोणता घ्यावा, हे ठरवावयाचे कसे? प्रत्येक सरासरी अथवा दर हे एक गुणोत्तर असते, आणि त्याचा जो छेद तोच त्याचा भार होय. गुणांच्या सरासरीचा छेद विद्यार्थिसंख्या, वर्णाचा छेद वजन, तर वेगाचा छेद काळ. छेद समान असतील तेव्हाच साधी सरासरी ग्राह्य ठरते.

वेगाच्या उदाहरणात ह्याचा प्रत्यय विशेष येतो. मोटार जाताना ताशी ६० व त्याच मार्गाने परतताना ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८ येतो. १२० किलोमीटरांचे अंतर धरल्यास जाण्यास २ तास, येण्यास ३ तास लागतात. एकूण २४० किलोमीटरांस ५ तास. येथे अंतरे समान आहेत, काळ समान नाहीत. म्हणून ‘वेग असेल तेथे हरात्मक मध्य घ्यावा’ असे पाठ करविणेही अनिष्टच. कारण तीच मोटार एक तास ६० च्या व एक तास ४० च्या वेगाने चालल्यास सरासरी वेग ५० हाच बरोबर आहे.

छेदाच्या विस्मरणाचा परिणाम वहीपुरता मर्यादित राहत नाही. एका शाळेत पहिल्या वर्षी अ तुकडीत ४० विद्यार्थी, सरासरी ६०, व ब तुकडीत १० विद्यार्थी, सरासरी ४०, असे मानू. शाळेची सरासरी ५६ येते. दुसऱ्या वर्षी अ तुकडीत २० विद्यार्थी, सरासरी ६२, व ब तुकडीत ३० विद्यार्थी, सरासरी ४२ असेल, तर शाळेची सरासरी ५० वर उतरते. दोन्ही तुकड्यांची प्रगती झाली असूनही शाळेची अधोगती झाल्याचा भास होतो, आणि केवळ एकूण आकडा पाहणारा निरीक्षक निष्कारण शिक्षकांस दोष देतो. ह्याच जातीच्या विपर्यासाची चर्चा ई. एच. सिम्पसन ह्यांनी १९५१ साली केली, व तो आज संख्याशास्त्रात त्यांच्या नावाने ओळखला जातो.

तात्पर्य, पदव्युत्तर वर्गात अभ्यासिल्या जाणाऱ्या ह्या प्रश्नाचे बीज शालेय गृहपाठातच आहे. बेरजेस आरंभ करण्यापूर्वी ‘ही संख्या कशास भागून आली?’ एवढे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर निरनिराळी सूत्रे पाठ करण्याचे प्रयोजन उरत नाही.