ईश्वरश्रद्धा, बुद्धी आणि विज्ञान : देवबागच्या किनाऱ्याच्या संदर्भात

ख्रिस्ती धर्मातील ईश्वरश्रद्धा बुद्धी आणि विज्ञान यांच्याशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा युरोपच्या इतिहासाच्या आधारे चर्चिला जातो. गॅलिलिओ, डार्विन ही नावे घेतली जातात आणि निकाल लागला असे मानले जाते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार मालवण तालुक्यातील देवबाग या गावाच्या संदर्भात करावयाचा आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, अशी या गावाची रचना आहे. गाबीत आणि ख्रिस्ती मच्छीमार या पट्टीवर एकमेकांच्या शेजाराने राहतात. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत सावंतवाडीस आहे. येथील ख्रिस्ती श्रद्धा ही केवळ ग्रंथातील वस्तू नव्हे, ती जाळे ओढणाऱ्या माणसांची श्रद्धा आहे. तिची चिकित्सा करताना हे भान सुटता कामा नये.

प्रथम पूर्वपक्ष नीट समजून घेऊ. ईश्वर ही डोळे मिटून मान्य करण्याची गोष्ट आहे, असे कॅथलिक धर्मसंघ म्हणत नाही. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, निर्मित सृष्टीवरून तिच्या कर्त्याचे निश्चित ज्ञान मानवी बुद्धीला होऊ शकते. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य किंवा ईश्वराचे मनुष्यरूप धारण करणे, ही तत्त्वे मात्र प्रकटीकरणाशिवाय कळत नाहीत, असेही त्याच परंपरेचे मत आहे. म्हणजे ईश्वराच्या अस्तित्वापुरता हा पक्ष स्वतःहून बुद्धीच्या न्यायासनासमोर उभा राहिला आहे. त्याचा खटला तेथेच चालविणे न्याय्य होय.

विज्ञानाशी असलेला विरोध मात्र आपण समजतो तितका सरळ नाही. १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरविण्यात आले. त्या न्यायदानात चूक झाल्याची कबुली पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली दिली आणि १९९६ साली उत्क्रांतिवाद हे केवळ गृहीतक राहिलेले नाही, असेही मान्य केले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता. विश्व प्रसरण पावत आहे, हा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. पुढे १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या या सिद्धान्तात निर्मात्याचा पुरावा पाहिला, तेव्हा ती सांगड स्वतः लमेत्र यांनाच रुचली नाही. त्यांच्या मते हा सिद्धान्त ईश्वरविषयक प्रश्नापासून अलिप्त होता. आमच्या काही वक्त्यांनीही हा संयम शिकावा. प्रयोगशाळेने ईश्वराचा निषेध केला आहे, असे व्यासपीठावरून सांगणे हे विज्ञान नव्हे.

तथापि एकाच मनात दोन गोष्टी नांदतात, एवढ्यावरून त्यांपैकी एक दुसरीने सिद्ध होते, असे नाही. खरी अडचण विज्ञानापेक्षा तर्कात आहे. प्रत्येक कार्याला कारण असते, म्हणून सृष्टीलाही एक आदिकारण असले पाहिजे, हा तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या युक्तिवादाचा गाभा. आठव्या शतकात आचार्य शांतरक्षितांनी ‘तत्त्वसंग्रह’ या ग्रंथातील ईश्वरपरीक्षेत याच जातीच्या युक्तिवादाला, अर्थात तो नैयायिकांचा होता, उत्तर दिले आहे. कारण नित्य, अविकारी आणि पूर्ण समर्थ असेल, तर त्याची सर्व कार्ये एकाच वेळी घडावयास हवीत. बी, अंकुर, फळ असा क्रम का लागावा? क्रमासाठी दुसऱ्या साहाय्यक कारणांची अपेक्षा असेल, तर ते समर्थ कसले? यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ म्हणतात की, ईश्वराचा संकल्प कालातीत आहे आणि काळातील क्रमही त्या संकल्पाचाच भाग आहे. हे उत्तर कच्चे नाही. परंतु ते स्वीकारले की ‘कारण’ या शब्दाचा आपल्या अनुभवातील अर्थ, म्हणजे स्वतः बदलून दुसऱ्यास घडविणारे, गळून पडतो. अनुभवातून घेतलेला नियम अनुभवापलीकडे नेऊन त्याचा अर्थच बदलला, तर सिद्धता उरत नाही. उरते ती श्रद्धा.

आता देवबागकडे वळू. पावसाळ्यात येथे समुद्र किनारा कापतो आणि माड उन्मळून पडतात. लाटा किनाऱ्याला तिरप्या लागतात व वाळू किनाऱ्याच्या कडेने वाहून नेतात. नदीचे मुख आणि गाळ यांचाही त्यात भाग असतो. ज्या क्रियेने ही पट्टी घडली, तीच तिला झिजविते. ‘हे असल्यामुळे ते होते’ या तथागतांच्या कार्यकारणनियमाचे याहून उघडे उदाहरण क्वचितच सापडेल. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. वादळाची सूचना मिळाली की होड्या वर ओढल्या जातात. त्या ओढणारा चर्चमध्ये जातो की देवळात, याने काही फरक पडत नाही. प्रार्थना करणारा ख्रिस्ती मच्छीमारही हवामानखात्याचे ऐकतो. त्याच्या जगण्यात बुद्धी आणि श्रद्धा यांचे भांडण नाही.

भांडण येते ते ‘का’ या प्रश्नापाशी. ईश्वर दयाळू आणि सर्वसमर्थ असेल, तर निरपराध माणसाचे घर लाटेखाली का जावे? भूरिदत्त जातकातही हाच प्रश्न आहे : सर्व प्राण्यांचा स्वामी असूनही ब्रह्मा जगाला दुःखात का ठेवतो? युरोपला तो १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनच्या भूकंपाने विचारला. सर्व संतांच्या सणाचा तो दिवस होता आणि भाविक चर्चमध्ये जमलेले होते. मनुष्याच्या पापाला त्याचे स्वातंत्र्य जबाबदार आहे, हे उत्तर येथे लागू पडत नाही, कारण लाटेला इच्छा नसते. सृष्टी नियमबद्ध असल्याशिवाय मनुष्य जगूच शकणार नाही आणि त्या नियमांचेच हे मूल्य आहे, हे उत्तर त्यातल्या त्यात विचारार्ह आहे. पण मग किनाऱ्याचे स्पष्टीकरण नियमच देतात, ईश्वर त्यात काही भर घालीत नाही. आणि प्रार्थनेने एखादी लाट थांबते असे म्हटले, तर उरलेल्या लाटांचा जाब द्यावा लागतो. माझ्या मते ईश्वरश्रद्धेचा तार्किक पाया सर्वांत दुबळा आहे तो या ठिकाणी. दुःखी माणसाला ती धीर देते, ही गोष्ट खरी आहे, परंतु वेगळी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली कलकत्त्याच्या ‘महाबोधी’ नियतकालिकातील लेखात धर्म बुद्धीशी सुसंगत असला पाहिजे असे म्हटले आणि बुद्धी हे विज्ञानाचेच दुसरे नाव मानले. ही कसोटी इतरांच्या धर्मास लावणे सोपे असते. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. पुराणातील चमत्कारांना बुद्धीने छेद देणारे मिशनरी बायबलमधील चमत्कारांना मात्र पुरावा मानीत. आणि त्यांना उत्तर देणाऱ्या पंडितांचा बुद्धिवादही आपल्या ग्रंथांच्या दाराशी थांबत असे. याच विल्सन यांच्यासाठी गिरनारच्या शिलालेखाचा कापडावर ठसा घेण्यात आला. तो त्यांनी कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे धाडला आणि अशोकाचे शब्द पुन्हा वाचले गेले. त्या शिळेवरील बाराव्या लेखात राजा सांगतो की, जो भक्तीच्या भरात आपल्या पंथाचा गौरव आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची अधिक हानी करतो. म्हणून वाणीचा संयम राखावा आणि एकमेकांचा धर्म ऐकावा.