शेजाऱ्यांनी उभारलेली वाचनालये

केरळमधील खेड्यांत सायंकाळी वाचनालयात वृत्तपत्रे चाळणारी मंडळी आढळतात. यांतील बहुसंख्य वाचनालये ग्रामस्थांनीच वर्गणी, ग्रंथदान आणि स्वयंसेवा यांच्या बळावर उभारली आहेत.

या चळवळीचे प्रणेते पी. एन. पणिक्कर हे शिक्षक होते. १९२६ साली त्यांनी नीलंपेरूर या आपल्या गावी सनातनधर्म वाचनालय सुरू केले. १९४५ साली ४७ ग्रंथालयांना एकत्र आणून त्यांनी त्रावणकोर ग्रंथालय संघ स्थापन केला. 'वाचा आणि वाढा' हा संदेश घेऊन ते गावोगाव हिंडले. १९७५ साली संघाच्या साक्षरता कार्याचा युनेस्कोने पुरस्कार देऊन गौरव केला.

१९७७ साली शासनाने संघाचा कारभार हाती घेतला. पणिक्कर खचले नाहीत. साक्षरता प्रसारासाठी त्यांनी त्याच वर्षी नवी संस्था काढली. पुढे १९८९ च्या कायद्याने ग्रंथालयांच्या निर्वाचित परिषदेकडे कारभार सोपविण्याची तरतूद झाली. स्थानिक करासोबत ग्रंथालय उपकरही आकारला जातो. पणिक्करांचा १९ जून हा स्मृतिदिन 'वाचन दिन' म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रातही १९६७ च्या कायद्यानुसार लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. अनुदानातून कपाटे येतात, पुस्तके येतात. मात्र सायंकाळी कुलूप उघडण्यास कोणीतरी स्वेच्छेने यावे लागते. ग्रंथ ही अशी ठेव आहे, की जितक्या हातांतून फिरेल तितकी ती वाढते. आपल्या परिसरातील वाचनालयास आपण आठवड्यातील एक तास देऊ शकू काय?