कराडची धावपट्टी, पाचगणीचा कडा

2025 च्या फेब्रुवारीत वाई तालुक्यातल्या पसरणीचा एक विद्यार्थी पाचगणीवरून पॅराग्लायडरने थेट परीक्षेला उतरला. पेपरला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं उरली होती आणि घाटात गाड्यांची रांग लागलेली. पाचगणीतल्या अनुभवी मंडळींच्या मदतीनं तो दप्तरासकट खाली आला आणि चित्रफीत देशभर फिरली. शाहीर साबळ्यांच्या गावातल्या पोराचं कौतुक झालं ते ठीकच, पण मला त्यातला भूगोल जास्त आवडला. पाचगणी वाईहून पाच-सहाशे मीटर उंच. कापडी पंख एक मीटर खाली येताना साधारण आठ मीटर पुढे सरकतो. म्हणजे वारा पडलेला असला तरी चार किलोमीटरची मजल हक्काची. घाटाची वळणं त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

पाचगणीला पर्यटक वीस मिनिटांची सैर करतो. पुढे तो, मागे पट्ट्यांनी जोडलेला वैमानिक. जमिनीवर परतल्यावर फोटो आणि विषय संपला. उडायचं ठरवणाऱ्या दुसऱ्या गटाचं सगळं याच्या उलट असतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, शिक्षणकर्ज, व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण, मग विमान कंपनीची नोकरी. वडिलांनी रान गहाण टाकून मुलाला पायलट केल्याच्या कहाण्या या पट्ट्यात अभिमानानं सांगितल्या जातात. या दोन टोकांच्या मध्ये जो माणूस असायला हवा, म्हणजे दवाखाना किंवा दुकान सांभाळून रविवारी सकाळी तासभर स्वतः विमान चालवणारा, तो सातारा-सांगलीत जवळपास दिसतच नाही.

कायदा त्याच्या आड येत नाही. अमेरिकेत 30 तासांच्या उड्डाणावर मिळणारा ‘रिक्रिएशनल’ परवाना आहे. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा म्हणजे खासगी वैमानिक परवाना, पीपीएल. वय 17 पूर्ण, शिक्षण दहावी पास, वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, दिशाज्ञान, हवामान अशा विषयांच्या परीक्षा आणि किमान 40 तासांचं उड्डाण. विद्यार्थी परवाना तर सोळाव्या वर्षीही निघतो. अट एवढीच, की खासगी परवान्यावर उडण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे कायद्यानंच ही हौस ठरवून दिली आहे. आणि हौसेची परंपराही जुनी. 1928 मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना त्याच क्लबमधून परवाना क्रमांक एक मिळाला. टपालाचं विमान त्यांनी 1932 मध्ये उडवलं. आधी हौस, नंतर धंदा, असा तो क्रम होता. आता तो उलटला आहे.

अडतं ते पैशापाशी आणि जागेपाशी. ताशी पंधरा हजार धरले तरी 40 तासांचे सहा लाख. छोट्या विमानांना लागणारं खास पेट्रोल, एव्हगॅस, 2022 पर्यंत परदेशातूनच येत असे, हेही त्या दरामागचं एक कारण. पण सहा लाखांहून महाग मोटारी कराड-इस्लामपूरच्या रस्त्यावर रोज दिसतात, तेव्हा निव्वळ पैशाचं कारण मला फारसं पटत नाही.

जागेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. कराडजवळ वारुंजीची धावपट्टी 1950 च्या दशकात बांधली गेली ती कोयना प्रकल्पासाठी. अभियंते आणि मंत्री यांना धरणाकडे लवकर पोहोचता यावं, एवढाच हेतू. लांबी सुमारे 1,280 मीटर. कोयना झाली, धावपट्टी उरली, आणि पुढची कित्येक वर्षं तिच्यावर मुख्यतः नेतेमंडळीच उतरत राहिली. विस्ताराचा प्रस्ताव आला तेव्हा परिसरातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. बागायती रान एकदा गेलं की परत येत नाही, आणि ते घालवून कोण कुठे उडणार, हे कुणी त्यांना नीट सांगितलंही नव्हतं.

शिकाऊ वैमानिकाला विस्ताराची गरजही नसते. दोन आसनी सेस्ना 152 निम्म्याहून कमी लांबीत हवेत असते. शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ ‘सर्किट’मध्ये जातो: उड्डाण, डावीकडे दोन वळणं, धावपट्टीला समांतर उलटी धाव, पुन्हा दोन वळणं, चाकं टेकवायची आणि न थांबता परत वर. कंटाळा येईपर्यंत हेच. मग एके दिवशी शिक्षक मधेच उतरतो आणि म्हणतो, आता एकटा जा. एवढं वजन कमी झालेलं विमान अपेक्षेपेक्षा लवकर उचललं जातं, आणि पहिल्या एकट्या उड्डाणात बहुतेकांना तिथंच दचकायला होतं.

या मुलखात शिकणाऱ्याला जमीनही वाचावी लागते. उभ्या उसाची ओली रानं हळू तापतात. माळाचा मुरूम आणि तोडणी झालेली मोकळी शेतं लवकर तापून गरम हवेचे झोत वर सोडतात. एका रानावरून दुसऱ्यावर जाताना विमान हेलकावतं, म्हणून उन्हाळ्यात शिकवणी सकाळीच उरकतात. त्यात उष्ण हवा विरळ, त्यामुळे दुपारी उड्डाणाची धावही लांबते. पेटवलेल्या पाचटाचा नाहीतर गुऱ्हाळाचा धूर वाऱ्याची दिशा फुकट सांगतो. इंजिन बंद पडलं तर मात्र ऊस टाळायचा. वरून तो मऊ गालिचा दिसतो, पण असतो दोन पुरुष उंच, आणि बांधावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात.

हौस किती टोकाला जाऊ शकते याचं उदाहरण मात्र याच मातीतलं आहे. कॅप्टन अमोल यादव मूळचे पाटण तालुक्याचे. विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी करत त्यांनी कांदिवलीतल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी या नावानं त्याची नोंदणी झाली आणि 2020 मध्ये ते धुळ्यात हवेत गेलं. विमान बनवण्याइतकाच घाम कागदांनी काढला. चाचणीसाठीही धुळ्याला जावं लागलं, ही बाब मला बोलकी वाटते.

सांगलीकडे तर कराडएवढंही नाही. कवलापूरला सुमारे 160 एकरांची जुनी धावपट्टीची जागा आहे. काळू-बाळूंच्या तमाशानं आणि गाजरांनी नाव कमावलेलं हे गाव. विमानतळाचं गाजर आम्हांला दर निवडणुकीत मिळतं, हा विनोद तिथं आयताच होतो. जमीन औद्योगिक महामंडळाकडे गेली, ती विकली जाऊ नये म्हणून कृती समिती उभी राहिली, निवेदनं झाली. मागणी नेहमी एकच: मुंबईचं विमान, प्रवासी, उद्योग. मोठ्या विमानांना ती जागा तोकडी पडते, हा वाद चालूच राहील. दोन आसनी विमानाला आणि वर ओढून सोडायच्या इंजिनविरहित ग्लायडरला ती भरपूर आहे. पुण्याजवळ हडपसरला 1950 मध्ये ग्लायडिंग केंद्र उभं राहिलं ते अशाच विचारानं. कवलापूरला तसं एखादं केंद्र द्या म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.