मालक मुसलमान आहे म्हणून सवाल विचारायचाच नाही का?

13 मार्च 2022, रविवार. लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर चेल्सी आणि न्यूकॅसल युनायटेडची मॅच होती. तीनच दिवस आधी ब्रिटिश सरकारने चेल्सीचे रशियन मालक रोमन अब्रामोविच यांच्यावर निर्बंध घातले होते. युक्रेनवर हल्ला करणाऱ्या पुतिन यांच्याशी त्यांची जवळीक आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. न्यूकॅसलची मालकी सौदी अरबच्या सरकारी गुंतवणूक फंडाकडे होती. आणि मॅचच्या आदल्याच दिवशी सौदीत एका दिवसात 81 माणसांना देहदंड दिला गेला होता.

मॅच चेल्सीने 1-0 अशी जिंकली. नंतर पत्रकारांनी न्यूकॅसलचे कोच एडी हाऊ यांना त्या 81 जणांबद्दल विचारलं. आपण फुटबॉलवरच बोलणार, एवढंच उत्तर त्यांनी दिलं. आता विचार करा, एका कोचला हा सवाल का विचारावा लागला? कारण ज्यांना विचारायला हवा होता ते मालक पत्रकारांसमोर येतच नाहीत.

मुंब्रा असो, भिवंडी असो की मालेगाव, आपल्या पोरांच्या अंगावर आज मँचेस्टर सिटी, पीएसजी, चेल्सीच्या जर्सी दिसतात. कोल्हापुरात तर फुटबॉलचं वेड पिढ्यांपासूनचं. या क्लबांच्या मालकीवरून युरोपात बरीच वर्षं वाद चालू आहे, पण आपल्याकडे त्याच्या दोनच आवृत्त्या पोहोचतात. एक म्हणते, अरबांनी तेलाच्या पैशाने खेळ बिघडवला. दुसरी म्हणते, गोऱ्यांना मुसलमान मालक बघवत नाही. आम्हाला दोन्ही अपुऱ्या वाटतात. त्यामुळे न्यूकॅसलचंच प्रकरण जरा नीट उलगडून पाहू.

न्यूकॅसल हे इंग्लंडच्या उत्तरेतलं, कोळसा आणि जहाजबांधणीवर वाढलेलं शहर. दोन्ही धंदे बसले, क्लब उरला. 2007 मध्ये माइक ॲश्ली या ब्रिटिश व्यापाऱ्याने तो विकत घेतला. त्यांच्या काळात संघ 2009 आणि 2016 असा दोनदा खालच्या विभागात घसरला. त्यांच्याच स्पोर्ट्स डायरेक्ट कंपनीच्या गोदामातल्या कामगारांना कशी वागणूक मिळते, याची 2016 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली आणि फार कडक शब्दांत अहवाल दिला. कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे पडत होते, हे ॲश्लींनी स्वतः कबूल केलं होतं.

याच काळात क्लबच्या जर्सीवर वोंगा नावाच्या कंपनीचं नाव आलं. जबर व्याजाने झटपट कर्ज देणारी ही कंपनी. 2013 मध्ये सेनेगलचा मुसलमान खेळाडू पापिस सिसे याने ती जर्सी घालायला आधी नकार दिला, कारण उघड होतं, रिबा म्हणजे सूद. पुढे बोलणी झाली आणि त्याने जर्सी घातली. पोटापाण्याचा सवाल असतो, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण हे लक्षात ठेवा की सौदी पैसा येण्याआधीही हा क्लब काही दुधाने धुतलेला नव्हता.

7 ऑक्टोबर 2021 ला क्लब विकला गेला. किंमत सुमारे 30 कोटी 50 लाख पौंड. 80 टक्के हिस्सा सौदी अरबच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाने, म्हणजे पीआयएफने घेतला. उरलेला हिस्सा ब्रिटनमधल्या दोन भागीदारांनी निम्मा निम्मा वाटून घेतला. पीआयएफचे अध्यक्ष आहेत युवराज मोहम्मद बिन सलमान. क्लबचे अध्यक्ष झाले फंडाचे गव्हर्नर यासिर अल-रुमय्यान.

तोपर्यंत पत्रकार जमाल खशोगी यांच्या खुनाला तीन वर्षं आणि पाच दिवस झाले होते. 2 ऑक्टोबर 2018 ला लग्नाची कागदपत्रं आणायला ते इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात गेले, ते परत आलेच नाहीत. बाहेर त्यांची होणारी बायको खदिजा चेंगिझ वाट पाहत उभी होती. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केलेल्या अहवालात, या कारवाईला युवराजांची मंजुरी होती असा निष्कर्ष काढला. सौदी सरकारने तो साफ नाकारला. चेंगिझबाईंनी प्रीमियर लीगला आणि न्यूकॅसलच्या चाहत्यांना हा सौदा होऊ देऊ नका अशी विनंती केली होती. हा मुसलमान पत्रकार होता आणि दाद मागणारी बाईही मुसलमान होती, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

सौदा अडला कशामुळे?

इथे खरी गंमत आहे, कडू असली तरी. 2020 मध्ये हाच सौदा एकदा फिसकटला होता. तुम्ही म्हणाल, खशोगींमुळे, यमनच्या युद्धामुळे, तुरुंगातल्या बायकांमुळे. पण खरी गाठ टीव्हीच्या हक्कांची होती. प्रीमियर लीग आपल्या मॅच अरब देशांत दाखवायचे हक्क कतारच्या बीइन चॅनलला विकायची. 2017 मध्ये सौदीने कतारची नाकेबंदी केली, बीइनवर बंदी आली, आणि बीआउटक्यू नावाचं चोरटं चॅनल त्याच मॅच दाखवू लागलं. जागतिक व्यापार संघटनेच्या समितीनेही जून 2020 मध्ये सौदीने या चोरीविरुद्ध कारवाई केली नाही असं म्हटलं. जुलैमध्ये पीआयएफने माघार घेतली. पुढे सौदी आणि कतारचा समेट झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये बीइनवरची बंदी उठत असल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी न्यूकॅसलचा सौदा पक्का झाला.

म्हणजे खून पचला, मॅचची चोरी पचली नाही.

दुसरी गाठ कागदावरची. क्लबवर सौदी सरकारचा ताबा राहणार नाही, अशी कायद्याने बांधील हमी मिळाली आहे, असं प्रीमियर लीगने सांगितलं. फंड वेगळा आणि सरकार वेगळं! पुढे 2023 मध्ये गोल्फच्या एका खटल्यात अमेरिकन कोर्टाने पीआयएफकडे कागदपत्रं मागितली, तेव्हा मात्र फंडाच्याच वकिलांनी सांगितलं की हा सौदी राज्याचा भाग आहे आणि अल-रुमय्यान हे पदावरचे मंत्री आहेत. एका कोर्टात मंत्री आणि एका क्लबात निव्वळ गुंतवणूकदार. आपल्या तहसील कचेरीत कुणी असे दोन दाखले दिले तर बाबूसुद्धा फाइल परत पाठवील.

याला इंग्रजीत स्पोर्ट्सवॉशिंग म्हणतात, म्हणजे खेळाच्या पाण्याने डाग धुणं. युवराजांना 2023 मध्ये एका अमेरिकन चॅनलवर याबद्दल विचारलं, तर त्यांनी लपवाछपवी केली नाही. यातून देशाचं उत्पन्न एक टक्का वाढणार असेल तर आपण हे करत राहू, अशा अर्थाचं ते बोलले.

चाहत्यांकडून पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. चाहत्यांच्या संघटनेने कौल घेतला तेव्हा दहापैकी नऊहून जास्त सदस्य सौद्याच्या बाजूने होते. विरोध करणारा एक छोटा गट आजही आहे, पण छोटाच. ज्या शहरात मॅचच्या दिवशी चाहतेच फूड बँकेसाठी अन्न आणि पैसे गोळा करतात, त्यांनी अब्जावधींचा मालक नाकारावा अशी अपेक्षा लंडनमध्ये बसून करणं सोपं आहे. मार्च 2025 मध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप जिंकला. 1955 नंतर देशांतर्गत स्पर्धेतला पहिलाच मोठा कप. सत्तर वर्षं! त्या दिवशी म्हातारी माणसं रडली, आणि ते अश्रू खोटे नव्हते.

सौदा झाल्यावर काही चाहते अरबी पोशाखासारखे कपडे घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून मैदानात नाचले, हेही सांगायला हवं. क्लबने आधी असं करू नका म्हटलं, मग दोन-तीन दिवसांत शब्द मागे घेतला. कुणी म्हणेल, कौतुकच केलं ना. आम्हाला मात्र त्यात सुलतान आला, थैली उघडली, हाच जुना थट्टेचा सूर दिसतो. ज्यांना मुसलमान फक्त पैशाची थैली म्हणून चालतो, त्यांना त्याच्या देशातल्या कैद्याशी काय देणंघेणं?

टीकाकारांचा दुटप्पीपणाही काही थोडा नाही. ब्रिटन सौदीला शस्त्रं विकत आला आहे, यमनवर बॉम्ब पडत होते तेव्हाही. 2020 मध्ये युवराजांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना या सौद्याबद्दल संदेश पाठवला आणि जॉन्सन यांनी आपल्या माणसाला लक्ष घालायला सांगितलं, हे पुढे बाहेर आलं. अब्रामोविच यांनी 2003 मध्ये चेल्सी घेतली, तेव्हापासून 2022 पर्यंत त्यांचा पैसा सगळ्यांना गोड लागत होता. मँचेस्टर युनायटेड घ्या. 2005 मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मोठं कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. ज्याला विकत घेतलं त्यानेच आपल्या खरेदीचं व्याज भरायचं. सगळं कायदेशीर, पण संतापलेल्या काही चाहत्यांनी तेव्हा स्वतःचा वेगळा क्लब काढला.

मग मालक मुसलमान आहे म्हणूनच ओरड होते का? काही प्रमाणात हो, असं आम्हाला वाटतं. पण दुसऱ्याचा दुटप्पीपणा दाखवून आपला सवाल संपत नाही. इन्साफ आपल्या नातलगांच्या विरोधात जात असला तरी इन्साफच करा, ही आपल्याकडे लहानपणापासून दिली जाणारी तालीम आहे. माल कुठून कमावला आणि कुठे खर्च केला, याचा हिशेब प्रत्येकाला द्यायचा आहे, हेही आपण मशिदीत ऐकत आलोय. तो हिशेब फक्त गल्लीतल्या दुकानदारासाठी आहे काय?

आपली अडचण अशी की हा पैसा आपल्याला परका नाही. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांचे चिरे आखाती पगारातून बसले. कुणाचा भाऊ दम्माममध्ये, कुणाचे चाचा दोह्यात. त्यात हरमैन सौदीत आहे, त्यामुळे सौदीवर टीका झाली की मन आपोआप बचावाला उभं राहतं. पण मक्का-मदिनेचा अदब एक आणि एखाद्या सरकारच्या कारभाराचा हिशेब दुसरा. आखातात राबलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असणं म्हणजे काय, कफीलच्या सहीशिवाय नोकरी बदलता न येणं म्हणजे काय, हे त्याने भोगलेलं असतं. 2034 चा वर्ल्ड कप सौदीत होणार आहे, 2022 चा कतारमध्ये झाला. स्टेडियम बांधणारे हात नेपाळचे, बांगलादेशचे, आणि आपलेही. मालकांना सवाल विचारला तर फायदा झाला तर याच हातांचा होईल.

आणि हो, वादग्रस्त मालक आपल्या पुण्यातूनही गेले आहेत. कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातल्या व्हेंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांत ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. 1995 चा इंग्लंडचा विजेता क्लब. दीड वर्षात संघ प्रीमियर लीगमधून घसरला, वैतागलेल्या चाहत्यांनी चालू मॅचमध्ये मैदानात जिवंत कोंबडी सोडली, 2017 मध्ये तर संघ तिसऱ्या विभागात गेला. इथे मानवी हक्कांचा मामला नाही. मालकांनी दरवर्षी पैसाही ओतला. तक्रार होती ती दूर बसून, चाहत्यांना न विचारता क्लब चालवण्याची. याच ब्लॅकबर्नच्या परिसरात तीनात एक रहिवासी मुसलमान आहे, आणि 2 मे 2022 ला याच क्लबच्या मैदानावर, हिरवळीवर चटया अंथरून ईदची नमाज झाली. ब्रिटनमधल्या क्लबच्या मैदानावर असं पहिल्यांदाच झालं. एकच मालक, एकच क्लब, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या.

यावर इलाज काही आहे का? जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये 50 अधिक 1 हा नियम आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडेच. म्हणून तिथे एखादा शेख किंवा शेठ सरळ येऊन क्लब खिशात टाकू शकत नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने 2023 मध्ये मालकांच्या चाचणीत मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाचा मुद्दा घातला. पण लीग म्हणजे वीस क्लबांचंच मंडळ, आणि त्यात न्यूकॅसलही बसतो. 2025 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला. त्याने मालकाचा पैसा कुठून आला हे तपासायचं आहे. आधीच्या मसुद्यात एक कलम होतं, की मालकाला मंजुरी देताना सरकारचं परराष्ट्र आणि व्यापार धोरण लक्षात घ्यावं. म्हणजे ज्याला शस्त्रं विकायची त्याला नकार द्यायची पंचाईत. शेवटच्या कायद्यात ते कलम वगळलं गेलं.

राहिला घरातला सवाल, पोराला जर्सी घेऊन द्यावी की नाही. फतवा देणं आमचं काम नाही. आमच्या मते घेऊन द्यायला हरकत नाही, फक्त छातीवर सट्ट्याच्या कंपनीचं नाव नाही ना, ते आधी बघा. प्रीमियर लीगच्या क्लबांनी 2025-26 च्या हंगामानंतर अशी नावं जर्सीच्या पुढून काढायचं ठरवलंय, पण बाजारात जुना माल बराच काळ राहील. आणि पोरगा विचारील की अब्बू, या क्लबचा मालक कोण, तर त्याला अल-रुमय्यान यांचं नाव सांगा, आणि जमाल खशोगींचंही.